कूस बदललेली बाटली

जुनी पोर्ट वाइन घाई करणाऱ्या माणसाला क्षमा करत नाही.

हे वाक्य मी जहाजावरच्या नोकरीत इतक्या वेळा आणि इतक्या गंभीर चेहऱ्याने उच्चारलं आहे की निवृत्त झाल्यावरही झोपेत बडबडतो, असं घरात सांगतात. ते ऐकलं की टेबलावरचे पाहुणे पाठ ताठ करून बसत, आवाज खाली आणत आणि बाटली उघडायला मला लागणारा वेळ निमूटपणे देत. वाक्य खरं आहे का? फारसं नाही. पोर्ट बहुतेकांना क्षमा करते. घाईत ओतली तर थोडा गाळ दातांत येतो, एवढंच. पण ‘थोडा गाळ दातांत येईल’ असं सांगितल्यावर कुणी पाठ ताठ करत नाही.

मी प्रवासी जहाजांवर वाइन स्टुअर्ड होतो. जेवणाबरोबर कुठली वाइन घ्यावी हे पाहुण्याला सुचवायचं, त्याने दुसरीच सांगितली की त्याच्या निवडीचं कौतुक करायचं, बाटली दाखवायची, उघडायची, ओतायची आणि मागे सरून भिंत व्हायचं. रत्नागिरीत हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, “म्हणजे बारमध्ये?” पूर्वी मी फरक समजावून सांगत असे. आता हो म्हणतो.

पोर्टचं तर आणखी अवघड. इथे पोर्ट म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती गोव्याहून येणारी गोड, जांभळट, स्वस्त बाटली. बाळंतिणीला चमचाभर, सर्दीला दोन चमचे आणि शिमग्याला मोजमाप नाही. तिची मी निंदा करणार नाही. माझ्या आईच्या औषधांच्या फडताळात ती होती आणि आईने तिला मरेपर्यंत दारू मानलं नाही. पण मी सांगतो आहे ती वेगळी.

खरी पोर्ट पोर्तुगालच्या उत्तरेकडच्या एका नदीच्या खोऱ्यात होते. द्राक्षाचा रस आंबत असतो, त्यातली साखर संपत असते. ती पुरती संपायच्या आत त्यात द्राक्षाचीच कडक दारू ओततात. आंबणं तिथेच थांबतं. गोडवा राहतो आणि ताकदही येते. त्यातही एखाद्या वर्षी द्राक्ष असं उतरतं की मळेवाले ठरवतात, ही दुसऱ्या वर्षांच्या मालात मिसळायची नाही. त्या एकाच सालची वाइन दोनेक वर्षं पिंपात ठेवून, न गाळता बाटलीत भरतात आणि विसरून जातात. वीस वर्षं, तीस वर्षं. तिचं सगळं शहाणपण बाटलीत, अंधारात, पडल्यापडल्या येतं. असं शहाणपण येणारी दुसरी कुठली वस्तू माझ्या पाहण्यात नाही. माणसांत तर नाहीच.

बाटली आडवी ठेवायची, म्हणजे बूच ओलं राहतं. आणि एकदा ठेवली की हलवायची नाही, कारण न गाळलेल्या वाइनचा गाळ हळूहळू खालच्या बाजूला बसतो आणि त्याचा पापुद्रा धरतो. म्हणून जुन्या तळघरांत बाटलीच्या वरच्या बाजूला पांढऱ्या रंगाचं बोट ओढलेलं असतं. बाटली कुठेही नेली तरी हे बोट आकाशाकडे. या धंद्यात यापेक्षा मोठा धर्म नाही.

गिऱ्हाइकांचा धर्म मात्र ज्याचा त्याचा. एक गृहस्थ काढलेलं बूच नाकाशी धरून डोळे मिटून इतका वेळ बसत की त्यांच्या पत्नी पुढचा पदार्थ मागवून मोकळ्या होत. बुचाला बुचाचाच वास येतो. पण हे त्यांना सांगणं माझ्या कामात नव्हतं. दुसऱ्या एकाने उत्तम जुन्या पोर्टमध्ये बर्फ मागितला. शेजारच्या टेबलावरचे जाणकार असे कळवळले की जणू मी त्यांच्या देखत गाय मारली. मी बर्फ दिला. त्या जेवणात मनापासून हसून, बोटं चाटून वाइन प्यायलेला तो एकच माणूस होता. आणि एक म्हाताऱ्या बाई होत्या. आपल्या दिवंगत नवऱ्याच्या जन्मसालची बाटली घेऊन आल्या आणि दोन ग्लास मागवले. एक त्यांचा, एक समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे. जेवण संपलं तरी तो ग्लास भरलेलाच. मी अदबीने विचारलं, “हा ठेवू की नेऊ?” त्या म्हणाल्या, “न्या. त्यांना गोड चालत नव्हतं.”

पण माझ्या नोकरीतला सगळ्यात मोठा विनोद वेगळाच होता. ज्या वाइनला हलवायचं नाही, ती आम्ही जहाजावर ठेवत होतो. समुद्र खवळला की तळाच्या कोठारात बाटल्या रात्रभर पाळण्यात. पांढरं बोट काय करील? तेव्हा गढूळ पोर्ट निवळायची आणि गाळायची कशी, हे मी पुस्तकांतून नव्हे तर अशा बाटल्यांवरच शिकलो. साबणाशिवाय धुतलेलं मऊ सुती फडकं, स्थिर मनगट आणि कुणाशी न बोलणं, एवढंच भांडवल.

याच कामात दिनकरशी माझी गट्टी झाली. तो हातखंब्याच्या अलीकडच्या एका वाडीतला, इंजिनरूममध्ये फिटर. खूप जुन्या बाटलीचं बूच स्क्रूने ओढलं तर भुसा होऊन वाइनमध्ये पडतं. त्यासाठी एक खास सांडशी असते. तिचं टोक गोल, बाटलीच्या मानेला कडं घातल्यासारखं बसणारं. ती लाल होईपर्यंत तापवायची, बुचाच्या खाली मानेला धरायची, मग काढून त्याच जागी ओला थंड कपडा लावायचा. काच गोल तडकते आणि मान बुचासकट टोपीसारखी निघते. जहाजावरची सांडशी कुणीतरी समुद्रात पाडली. दिनकरने इंजिनरूममध्ये नवी घडवून दिली आणि बघायला वर आला. मान निघाली तशी तो म्हणाला, “च्यायला, एवढ्यासाठी एवढं? आमच्याकडे शहाळं फोडतात ते बरं.”

मी त्याला सांगितलं की विलायतेत काही घरांत मूल जन्मलं की त्याच्या जन्मसालची पोर्ट घेऊन ठेवतात आणि ते मोठं झालं की उघडतात. दिनकरने मला ते दोनदा सांगायला लावलं. त्याची मुलगी केतकी तेव्हा बालवाडीत जात होती. नशिबाने तिचं जन्मसाल द्राक्षांचंही चांगलं होतं. जहाज लिस्बनला लागल्यावर तो मला ओढत दुकानात घेऊन गेला.

“लोक पोरीच्या नावाने आंब्याचं कलम लावतात,” तो म्हणाला. “मी हिला विहिरीत ठेवतो.”

ती कल्पना वाटते तितकी वेडी नव्हती. दिनकरच्या घरची विहीर पायऱ्यांची. पाण्याच्या बराच वर, जांभ्यात एक खोल कोनाडा कोरलेला. तिथे ऊन नाही, वारा नाही, बारमाही तोच गारवा. आमच्या किनाऱ्यावर याहून बरं तळघर बांधून मिळणार नाही. दिनकरने तंबाखूच्या डबीतला चुना बोटावर घेऊन बाटलीवर रेघ ओढली आणि बायकोला सांगून ठेवलं, “हिला निजवून ठेव, उभी करू नको.”

केतकी पाचवीत असताना दिनकर रजेवर आला होता. एका दुपारी जेवून आडवा झाला तो उठला नाही.

शालिनीवहिनींनी मुलीला एकटीने वाढवलं. केतकी आज चिपळूणला गुरांची डॉक्टर आहे. ती एकवीस वर्षांची झाली तेव्हा मी सुट्टीवर होतो, म्हणून बाटलीची आठवण करून दिली. वहिनी म्हणाल्या, “हिच्या लग्नात उघडायची आहे ती. तसंच सांगितलंय यांनी.” मी विषय सोडला. त्यानंतर स्थळं आली, गेली. मग यायची थांबली. बाटली विहिरीत होती.

मागच्या वर्षी महामार्गाच्या कामात वहिनींच्या कुंपणाकडची पट्टी गेली आणि तिच्याबरोबर विहीरही. केतकीचा फोन आला. “काका, विहीर बुजवणार आहेत. बाटली बाहेर काढावी लागेल. तुम्ही या. आईशी मी बोलते तर भांडण होतं.”

मी पोचलो तेव्हा ते भांडण चाललेलंच होतं. दिनकरचा धाकटा भाऊ नानाही आला होता. त्याचा लांज्याला काजूचा कारखाना आहे आणि कुठल्याही प्रसंगाला शाल-श्रीफळ हवंच, असं त्याचं मत आहे.

“फ्रिजमध्ये ठेवू,” वहिनी म्हणत होत्या. “नाहीतर नानांच्या गोदामात.”

“माझ्या गोदामात उंदीर हायत गो वहिनी,” नाना म्हणाला. “ते बूच ठेवायचे नाय.”

“आई, उघडूया ना ती.”

“लग्नात उघडायची असं तुझ्या बाबांनी सांगितलंय.”

“बाबांनी सांगितलं तेव्हा मी बालवाडीत होते. मला विचारलं होतं कुणी?” केतकी एरवी हळू बोलते. गुरांना मोठा आवाज आवडत नाही, असं ती म्हणते. पण आता तिचा आवाज चढला होता. “मी लग्न करणार नाहीये. हे मी तुला किती वर्षं सांगतेय? मला माझं काम आहे, घर आहे, बरं चाललंय माझं. बाबांनी माझ्यासाठी ठेवलेली ती एकच गोष्ट आहे, आणि ती मला न करायच्या लग्नाला बांधून ठेवलीय.”

वहिनी माझ्याकडे वळल्या. “भावोजी, तुम्ही होतात ना दुकानात? काय म्हणाले होते हे?”

जे ऐकलं होतं ते मी सांगितलं. लग्नाचं माझ्या कानावर नव्हतं. दिनकर म्हणाला होता, पोरगी आपल्या पायावर उभी राहिली की तिच्याबरोबर बसून पिईन.

“मला लग्नाचंच म्हणाले होते,” वहिनी म्हणाल्या.

“तेही खरं असेल.”

ते खरंच असणार. जहाजावरचा माणूस घरी एक सांगतो आणि जहाजावर एक, आणि दोन्हीकडे मनापासून सांगतो. मी कुणाच्याच बाजूने साक्ष देऊ शकलो नाही. वहिनी उठून आत गेल्या. नाना मला खुणेने विचारू लागला, आता काय? तेवढ्यात वहिनी मागच्या दाराने निघून विहिरीकडे जाताना दिसल्या. केतकी उठली, पण मी तिला थांबवलं. त्या पायऱ्या वहिनींच्या पायाखालच्या होत्या.

परत आल्या तेव्हा पदराखाली जुन्या लुगड्यात गुंडाळलेली बाटली होती. ती माझ्या हातात देत म्हणाल्या, “फ्रिज लहान आहे. उघडा.” मग केतकीकडे न बघता, “नंतर म्हणू नकोस, आईने थांबायला हवं होतं.”

“नाही म्हणणार,” केतकी म्हणाली.

मी लुगडं सोडलं. जुनी बाटली मळकी असते, कोळीष्टकं असतात, तेच तिचं सौंदर्य. ही बाटली समईसारखी लखलखत होती. चुन्याचं बोट गायब. मानेवर हळदीकुंकवाचा जाड थर.

“वहिनी, ही कुणी घासली?”

“मीच घासते. दर दसऱ्याला. यांचे पाने, हातोडी, सगळ्यांची पूजा असते. ही तेवढी वगळायची?”

“आणि परत ठेवताना?”

“निजवूनच. उभी नाही केली कधी.”

“वरची बाजू वरच ना?”

“छे! दरवर्षी कूस बदलते की तिची. एकाच कुशीवर किती पडून राहणार? सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या तेव्हा डॉक्टर रोज बजावून सांगायचे, कूस बदला, नाहीतर अंगाला जखमा होतील.”

नाना मान डोलावत म्हणाला, “ते बरोबर हाय.”

पोर्तुगालमधल्या तळघराचा एखादा म्हातारा राखणदार हे ऐकून मटकन खाली बसला असता. ज्या पापुद्र्याला एका जागी बसायला आयुष्य मिळावं, त्याला दर दसऱ्याला सीमोल्लंघन घडलं होतं. पण मी वहिनींकडे बघितलं. त्या अजून धापा टाकत होत्या. मी म्हणालो, “बरं केलंत.” माझ्या नोकरीत मी पाहुण्यांची पुष्कळ खोटी कौतुकं केली. हे वाक्य त्यांतलं नव्हतं, इतकंच सांगतो.

अंगणात केतकीने मला गाठलं. “काका, खरं सांगा. दगावली का?”

“सांगता येत नाही. गाळ सुटलेला असणार. तो निवळेल, गाळता येईल. पण बूच धरून राहिलंय की हवा आत गेलीय, ते उघडल्यावरच.”

“हवा गेली असेल तर?”

“आमटीत घालता येईल. चिंचेऐवजी.”

ती हसली नाही. “त्या पायऱ्यांवर तिचे गुडघे गेलेत. मी किती सांगितलं, जाऊ नको म्हणून. लग्नाचं तिने आज सोडलं, तुम्ही बघितलंत. आता वर ही बाटलीही खराब निघाली तर तिच्या हातात काय राहिलं?”

मी बाटली कोठीच्या खोलीत तांदळाच्या पिंपाआड उभी केली आणि रविवारपर्यंत कुणी हात लावायचा नाही, असं बजावलं. वहिनींना ते उभं राहणं बघवेना. त्यांनी बाटलीच्या बुडाखाली दुमडलेली गोधडी सारली.

रविवारी मी सांडशी घेऊन गेलो. निवृत्त होताना जहाजावरून मी एवढीच वस्तू मागून घेतली होती. वहिनींनी ती हातात घेतली, उलटसुलट केली, सांध्याच्या खिळ्यांवरून बोट फिरवलं. “यांचंच काम,” म्हणाल्या. “यांच्या रिबीटा अशाच तिरक्या बसायच्या.”

मागच्या अंगणातल्या चुलीत करवंट्या रचल्या. करवंटीच्या निखाऱ्याइतकी आच गॅसला नसते. टेबलावर पांढरी चादर, सरबताचा काचेचा जग, धुतलेलं मलमल, चार पेले. नाना शाल आणि नारळ घेऊन आला होता. शाल कुणाला घालायची हे ठरलेलं नव्हतं. महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो आणि तो आरोग्यासाठी म्हणून मिळतो. सरकारचा हा विनोद मला फार आवडतो. परवाना चौघांत माझ्याकडेच होता. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने तिथे आरोग्याची काळजी असलेला माणूस एकच.

सांडशी लाल झाली. मी ती उचलणार एवढ्यात नाना म्हणाला, “दोन शब्द बोलतो.”

“नाना, लोखंड तापलंय.”

“दोनच.”

आमचा दिनकर समुद्रावर गेला तेव्हा, इथपासून त्याने सुरुवात केली. लिस्बनपर्यंत पोचेतो सांडशी काळी पडली. मी ती परत निखाऱ्यात खुपसली. भाषणाच्या शेवटाकडे नानाने नारळ खाली ठेवला, आणि मग तो खरोखर दोनच शब्द बोलला, “उघड दादा.”

मी बाटलीच्या मानेला कडं घातलं. केतकी जवळ येऊन वाकली. “वासराचं शिंग डागतो तसंच आहे,” ती म्हणाली.

“वासरू हलतं?”

“फार.”

“ही हलणार नाही. तू हलू नको.”

सांडशी काढली, ओला कपडा लावला. टक्क असा बारीक आवाज आला. मान माझ्या हातात आली, सरळ कापल्यासारखी. ती मी केतकीला दिली. बाटलीवरचं लेबल विहिरीच्या ओलीने केव्हाच गेलं होतं. पण अशा बुचावर साल डागलेलं असतं. काचेतून तिने ते वाचलं. मग आईला दाखवलं. वहिनींनी चष्मा लावून वाचलं आणि मान बुचासकट देव्हाऱ्यात नेऊन ठेवली. बूच खालपर्यंत ओलं होतं, म्हणजे सुकून हवा आत गेली नसावी. मला जरा धीर आला.

मग ओतणं. केतकीला मोबाइलचा दिवा बाटलीच्या खांद्यामागे धरायला सांगितलं, म्हणजे आतून गाळ सरकताना दिसतो. वाइन मलमलमधून काचेच्या जगात उतरू लागली. सुरुवातीची धार इतकी स्वच्छ आली की माझाच विश्वास बसेना. तळाशी मात्र काळा चिखल उसळला. मी तिथेच हात थांबवला. जगातल्या वाइनचा मध्य गर्द जांभळट लाल, आणि कड ओल्या जांभ्याच्या रंगाची.

पोर्टचा जग टेबलावर डावीकडे फिरवायचा असतो. राजांच्या आणि दर्यावर्दींच्या मेजवान्यांत हा नियम मोडणं म्हणजे अब्रू जाणं. मी तो सांगितला. वहिनी म्हणाल्या, “आमच्याकडे उजव्या हाताने देतात,” आणि जग उजवीकडे गेला.

पहिला घोट मी घेतला. तो नोकरीचा हक्क.

वाइनच्या चवीबद्दल लोक जे बोलतात त्यातलं निम्मं दुसऱ्यांनी ऐकावं म्हणून असतं. व्हायोलेटची फुलं, चामडं, सिगारचा डबा. मी स्वतः ही वाक्यं विकली आहेत. तेव्हा जेवढं खरंच लागलं तेवढंच लिहितो. आधी जांभळाचा गर. मग काकवी, पण तिच्यातला चिकटपणा काढून घेतलेली. मध्ये जायफळ. सगळं गिळून झाल्यावर, आता संपलं असं वाटत असताना, खारकेसारखा कोरडा गोडवा उमटला आणि जायचं नाव घेईना. ताकद होती, पण ती आवाज चढवत नव्हती. भल्या भल्या तळघरांतून, मोजक्या हातांनी जपलेल्या बाटल्या मी उघडल्या आहेत. हिला दर दसऱ्याला अंघोळ घातली होती, कुंकू लावलं होतं, कुशीवरून कुशीवर वळवलं होतं, आणि ती ठणठणीत होती. पुस्तकांवरचा माझा विश्वास त्या दिवशी जरा कमी झाला. वाइनवरचा वाढला.

“खराब झाली का हो?” वहिनींनी विचारलं. माझा पेला अजून हातातच होता.

“नाही वहिनी. चांगली आहे.”

“म्हणजे किती चांगली?”

“याहून चांगली मी दोनदाच प्यालो असेन.”

“तुम्ही तर ओतायचात,” केतकी म्हणाली. “प्यायचात कधी?”

“पाहुणे उठून गेल्यावर.”

तिने घोट घेतला. बराच वेळ तोंडात ठेवला. मग दुसरा घेतला. टेबलावरच्या जगाकडे बघत ती म्हणाली, “बाबांनी ही चाखली होती?”

“नाही. घेतली तशी कागदात गुंडाळून आणली. दुकानदार दुसऱ्या बाटलीतली थोडी देत होता, तर म्हणाला, नको, मला ड्यूटी आहे.”

नानाने पेला एका दमात संपवला. “बरी हाय,” म्हणाला. “गोव्याची जास्त गोड असते.”

आता वहिनी उरल्या होत्या. त्यांनी आयुष्यात दारूला शिवलेलं नव्हतं. पेल्यात बोटभर घेतली, देवाचं तीर्थ घेतात तशी डोळे मिटून प्यायल्या. केतकी आपला पेला खाली ठेवून बघत होती. वहिनींनी ओठ पुसले.

“औषधासारखी लागेल वाटलं होतं,” त्या म्हणाल्या. पेला पुढे केला. “आणखी थोडी घाला.”

घातली. त्या सावकाश प्यायल्या. मग जग उचलून उजेडात धरला आणि किती उरली ते बघितलं. आत घरात स्वयंपाक थांबला होता, पण त्यांना घाई नव्हती.

“भावोजी, या बाटलीत सहा-सात पेल्यांपेक्षा जास्त नाही निघत?”

“नाही निघत.”

“आमच्याकडची माणसं, चिपळूणची, लांज्याची, वाडीतली. मांडवात चारशे पानं तरी उठली असती.” त्यांनी जग खाली ठेवला आणि केतकीच्या पेल्यात स्वतःच्या हाताने ओतलं, काठोकाठ, जे आमच्या धंद्यात कधीच करत नाहीत. “लग्नात उघडली असती तर तुझ्या वाट्याला थेंबही आला नसता.”

केतकीने आईकडे बघितलं. “मग लग्नात काय दिलं असतंस?”

“कोकम सरबत.”

“तेही चांगलं असतं,” केतकी म्हणाली, आणि काठोकाठ पेला सांडेल म्हणून तिने वाकूनच त्याला ओठ लावले. वहिनींनी तिच्या पाठीवर एक चापट मारली आणि आत भात बघायला गेल्या.

आम्ही जेवलो. जग संपला. तळाचा काळा गाळ बाटलीत होता. जहाजावर आम्ही तो मोरीत ओतत असू, तसं मी म्हणालो. वहिनींना ते पटलं नाही. इतकी वर्षं जपलेली वस्तू पायदळी जाता कामा नये. त्यांनी गाळात तांब्याभर पाणी मिसळलं आणि निर्माल्याचं पाणी घालतात तसं, हात जोडून, मागच्या दारच्या कढीपत्त्याच्या मुळाशी घातलं.

कढीपत्ता महिन्याभरात वाळला. वहिनी म्हणतात, कीड पडली होती.